दवावरची पावलं

— उठसूट सॉरी कसलं म्हणताय? गोल्फचा शेवटचा होल राहिलाय अजून. मी एका फटक्याने पुढे, तुम्ही मागे, आणि काल जेवताना ठरलं ते ठरलं — जिंकलात तर लेकीला घेऊन जा, मी तोंडातून ब्र काढणार नाही. हरलात तर आल्या वाटेने एकटे परत. सासूशी पैज लावायची हौस तुम्हालाच होती. बरं, मला होती. पण नाही म्हणालात का? तुम्ही कधी कशाला नाही म्हटलंय! दोन महिने पोर माझ्याकडे येऊन राहिलीय, तिचं रडगाणं तरी दुसरं काय आहे? मारलं नाही, शिवी दिली नाही, काही म्हणजे काही नाही. भिंतीशी संसार करतेय म्हणते. भांडायला गेलं की हा माणूस उठतो आणि भांडी घासायला लागतो म्हणते.

मला बाकी भांडता येतं हो. दाताची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांची तोंडं उघडून बसते, कोण किती खोटं बोलतो ते आ केल्या केल्या कळतं मला — रोज दोनदा ब्रश करतो म्हणतात मेले! नऊला पहिला पेशंट, म्हणून उजाडता उजाडता इथे येते. तिचे बाबा गेल्यापासून एकटीच खेळते, कुणी लागत नाही मला. आता लेक आल्यापासून घरी गेलं की चहा तयार असतो, ती गोष्ट वेगळी. त्याचा इथे काही संबंध नाही. चहा मला करता येतो.

तर मुद्द्याचं बोलते. आत्ताच्या होलला तुमचा चेंडू त्या झुडपात गेला — तुम्ही दंडाचा एक फटका मोजलात, चेंडू काढून बाहेर ठेवलात. किती बाहेर? हातभर जास्तच. लबाडी म्हणतात याला! नाही म्हणता? मग वळून बघा मागे. म्हणून तर सकाळचा खेळ आवडतो मला — दव काही झाकून ठेवत नाही. आपल्याआधी इथे कुणी आलेलं नाही, सगळं गवत पांढरं, पावलं फक्त आपल्या दोघांची. ती तुमची, चढावरून खाली, सरळ झुडपापर्यंत. ही चेंडूची रेघ — इथे पडला, घरंगळत आला, आणि थांबला मोकळ्या गवताच्या मधोमध. मधोमध... आणि ती — ती माझी. मी आपली पुढे बघायला गेले होते, तुम्ही वर चष्मा पुसत होतात म्हणून — आणि तिथून झुडपाकडे ती दुसरी रेघ —

असे काय बघताय माझ्याकडे?

दिसलं होतं तुम्हाला. तेव्हाच दिसलं होतं! चढावर उभे होतात, चष्मा पुसून परत नाकावर आला होता — आणि खाली येऊन म्हणालात काय, तर "घरंगळला असेल." अहो, चेंडूला काय पाय फुटले? मी ढकलला, मी! बुटाच्या टोकाने! आणि तुम्ही मुकाट्याने दंड घेतलात? तुमची बायको पणाला लागली होती इथे, आणि तुम्ही सासूचा मान राखत बसलात? खेकसायचं होतंत माझ्या अंगावर! वाटेल ते बोलायचं होतंत! लाज नाही वाटत? मला वाटतेय — मेलं, मला वाटतेय, आणि तुम्ही नुसते ढिम्म —

काय? मोठ्याने बोला, पुटपुटू नका.

परत म्हणा.

"तुम्ही खोटारड्या आहात." हां. आलं एकदाचं तोंडातून. कान लाल झालेत तुमचे. आता हाच आवाज घरी न्या, तिच्यापुढे काढा, भांडीबिंडी राहू देत तशीच. आणि ऐका — तुमच्याबरोबर यायला बॅग भरलीय तिने. काल जेवायला बसायच्या आधीच भरलेली होती, कॉटखाली दिसली मला. पैज मी त्यानंतर लावली. बघू नका असे, कळलंय मला मी काय केलं ते.

शेवटचा होल? तो मी एकटी खेळते. मला सवय आहे. तुम्ही चला, कडेकडेने जा, गवत तुडवू नका. उभे काय राहिलात? निघा म्हटलं ना! आणि तिला सांगा, माझा चहा ठेवू नकोस.