दोन्ही कान उत्तम

(दुपारचं स्वयंपाकघर. दाराजवळच्या खुर्चीत आजोबा पेपर धरून बसलेले, ओट्यापाशी आई, हातात एक पत्र. खुर्चीमागे छोटी बिट्टी भांड्यांशी खेळतेय. मग पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडतं आणि गरगर फिरत राहतं.)

आई : अगं बिट्टी! काळजाचं पाणी झालं माझ्या. धर ते, धर आधी.

बिट्टी : आपोआप पडलं.

आई : झाकणं आपोआप पडत नाहीत. आणि तेही नेमकं आजोबांच्या खुर्चीमागे... थांब. बिट्टी, आजोबा हलले का गं?

बिट्टी : पेपर वाचतायत ते.

आई : मान तरी वळवली?

बिट्टी : नाही.

आई : मी इथे ओट्यापाशी टुणकन उडाले, आणि ते हातभर अंतरावर आहेत. परत पाड बघू.

बिट्टी : काय?

आई : झाकण. जोरात पाड.

बिट्टी : तूच म्हणतेस पाडू नको, तूच म्हणतेस पाड.

आई : वाद घालू नकोस. आपट.

बिट्टी : घे, आपटलं. बघ, नाहीच हलले. मला माहीतच होतं.

आई : काय माहीत होतं तुला?

बिट्टी : काही नाही.

आई : बिट्टी.

बिट्टी : ते गुपित आहे. आजोबांचं आणि माझं. फौजेतलं गुपित फोडत नाहीत.

आई : बरं, नको फोडूस. मी तुला हे पत्र वाचून दाखवते. गेल्या महिन्यात आपण तिघं माजी सैनिकांच्या आरोग्य केंद्रात गेलो होतो ना, सगळ्याच आजोबांचे कान तपासत होते तेव्हा? तिथून आलंय. आत्ता अभ्रे बदलताना त्यांच्या उशीत सापडलं. ऐक. 'दोन्ही कान उत्तम. श्रवणयंत्राची आवश्यकता नाही.'

बिट्टी : म्हणजे आम्ही पास झालो!

आई : आम्ही?

बिट्टी : कुठे काय!

आई : बोल आता. आम्ही म्हणजे कोण कोण?

बिट्टी : तू खिडकीशी फॉर्म भरत होतीस ना, तेव्हा त्या बाईंनी आजोबांना काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर ते मोठ्ठं काळं लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी आजोबांच्या मागे स्टुलावर. बाईंनी त्यांचा हात दिसू नये म्हणून पुठ्ठा लावला होता. पण मी बुटकी ना! मला खालून सगळं दिसत होतं. त्यांनी आवाज सोडला की हिरवा दिवा लागायचा, मग मी आजोबांच्या पाठीत बोट टोचायचे.

आई : हे तुला कोणी सांगितलं?

बिट्टी : आजोबांनी. बसमध्येच शिकवलं. आमचं एकपण चुकलं नाही.

आई : अरे देवा.

बिट्टी : रस्त्यातपण मीच सांगते त्यांना. मागून गाडी आली की हात ओढायचा. दोनदा.

आई : कुठल्या रस्त्यात? शाळेच्या? अगं, मी रोज निर्धास्त असते, आजोबा तुला घेऊन येतात म्हणून!

बिट्टी : मी आणते त्यांना.

आई : सरक बाजूला. दादा... दादा! तो पेपर खाली घे गं त्यांचा.

आजोबा : काय? चहा झाला?

आई : इकडे बघा. माझ्याकडे. तुम्हाला ऐकू येत नाही.

आजोबा : ओरडतेस कशाला एवढी? येतंय की.

बिट्टी : आजोबा, आई ओरडली नाही. तिने नुसतेच ओठ हलवले.

आजोबा : नुसतेच?

आई : आवाज काढलाच नव्हता मी, दादा.

आजोबा : हुशार आहेस. आणि ही आमची शिपाईण फितूर झालेली दिसतेय.

बिट्टी : मी नाही सांगितलं! म्हणजे सांगितलं, पण पास झाल्यावर सांगितलं.

आजोबा : उशीत हात घालायचं काय कारण होतं, सूनबाई?

आई : अभ्रे धुवायचे होते. आणि लपवायचं काय होतं त्यात? दोन्ही कान उत्तम! चौकट करून भिंतीवर लावलं असतं आपण.

आजोबा : खालचं वाचलंस का?

आई : वाचलं. 'केंद्रातील मंगळवारच्या गप्पांच्या गटाला दोनदाच हजर. विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरे देतात. इतरांत मिसळण्याची इच्छा दिसत नाही. सबब कार्यक्रमातून नाव कमी करण्यात येत आहे.' हरकत असेल तर फेरतपासणी. आणि मुदत उद्याची, दादा. पंधरा दिवस तुम्ही या कागदावर डोकं ठेवून झोपताय.

आजोबा : करू देत नाव कमी.

आई : असं कसं करू देत?

आजोबा : तू बसली आहेस त्या गटात? दहा म्हातारे, गोल खुर्च्या, आणि सगळे एकदम बोलतात. मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? एकाचे ओठ धरेपर्यंत दुसराच सुरू होतो. सगळे हसले की मी हसायचो, गप्प झाले की गप्प. पहिला मंगळवार निघाला तसाच. दुसऱ्या वेळी समोरचा एक जण काहीतरी सांगत होता. लांबून मला वाटलं, हसतोय. म्हणून मीपण हसलो.

आई : आणि?

आजोबा : रडत होता. बायको गेली होती त्याची. लांबून माणसाचं तोंड दोन्ही वेळेला सारखंच दिसतं गं.

आई : मग सांगायचंत ना त्यांना, ऐकू आलं नाही म्हणून.

आजोबा : तिसऱ्या मंगळवारी गेलोच नाही. विषय संपला.

आई : संपला कसा? उद्या सकाळी परत तपासून घेऊ, यंत्र मिळेल...

आजोबा : परत तपासणी म्हणजे मागची खोटी. मी खोटं बोललो असं लिहून द्यायचं?

आई : अहो पण बोललातच ना! एवढ्याशा पोरीला हाताशी धरून! का, ते तरी कळू दे मला.

आजोबा : जुनी सवय, आपोआप वर येते. तपासणी म्हटलं की पास व्हायचं, दुसरं काही ठाऊकच नाही. तोफेवर होतो मी, बावीस वर्षं. तिसऱ्याच वर्षी डावा कान गेला. उजवा पाण्यात बुडाल्यासारखा. दरवर्षी डॉक्टर यायचा. नापास झालेल्याला तोफेवरून उचलायचे आणि कोठारात टाकायचे. बसा चादरी मोजत. एकटे.

बिट्टी : चादरी मोजायला मला आवडेल.

आजोबा : तुला आवडेल. आम्ही तोफेवर सहा जण होतो. एकत्र जेवायचो, एकत्र शिव्या खायचो. त्यात एक तबलजी होता. त्याची बोटं सारखी कशावर तरी वाजायची. मेसच्या टेबलावर, हेल्मेटवर, कोणाच्याही डोक्यावर. तपासणीला तो माझ्या मागे खेटून उभा राहायचा. डॉक्टर लांबून आकडा कुजबुजायचा. सात म्हणाला की माझ्या पाठीत सात टिचक्या. मी ओरडायचो, सात साहेब! डॉक्टर म्हणायचा, काय कान आहेत!

आई : बावीस वर्षं?

आजोबा : एकोणीस. पहिली तीन वर्षं माझी मी पास झालो. तुला कळतंय का सूनबाई, एकटं पडायला नको म्हणून केलं ते सगळं.

आई : आणि आता ती माणसं?

आजोबा : आता मी एकटाच उरलोय सहांतला. तबलजी जाऊन दोन वर्षं झाली.

आई : आणि मी मूर्खासारखी समजत होते की तुम्हाला मी आवडत नाही.

आजोबा : काय? तोंड फिरवून बोलू नकोस.

आई : आठ वर्षं झाली या घरात येऊन. दिवसभर मी एकटीच बोलते. आमटीत मीठ बरोबर आहे का, दिवा मालवू का, बरं वाटतंय का. तुम्ही एकतर उत्तरच देत नाही, नाहीतर म्हणता, 'हो, ठेव तिथेच.' मी विचारणं सोडून दिलं. म्हटलं, हे म्हणतात तेच खरं.

आजोबा : तो काय म्हणतो?

आई : जाऊ द्या.

आजोबा : परत तोंड फिरवलंस. समोर ये, उजेडात. काय म्हणतो माझा मुलगा?

आई : लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, दादांकडून उत्तराची वाट बघू नकोस. लहानपणी तुम्ही सुट्टीवर आलात की हे तुमच्या मागे मागे असायचे. तुम्ही अंगणात सायकल उलटी करून दुरुस्त करत बसायचात. हे पायरीवर बसून हाक मारायचे. दादा. मग थांबायचे. परत, दादा. तीनदा. तिसऱ्यांदाही तुम्ही वळला नाहीत की उठून घरात जायचे.

आजोबा : कोण? तो हाक मारायचा?

आई : दर सुट्टीत.

आजोबा : मला?

आई : हो, दादा.

आजोबा : मी त्याच्या आईला म्हणायचो, हे पोरगं एकदा तोंडानं दादा म्हणत नाही. परक्यासारखं पायरीवर येऊन बसतं, माझ्या पाठीकडे बघतं आणि निघून जातं. ती म्हणायची, विसरलाय तुम्हाला, होईल सवय. मग मीपण त्याच्या वाटेला गेलो नाही. म्हटलं, नको असेल त्याला बाप.

आई : दादा...

आजोबा : तीनदा?

आई : तीनदा.

बिट्टी : आजोबा, पेपर उलटा धरलाय तुम्ही.

आजोबा : रविवारी परगावाहून फोन येतो त्याचा तुला, तेव्हा माझं काही विचारतो?

आई : विचारतात. बरे आहेत ना, म्हणून. फोन द्या मात्र म्हणत नाहीत. मीपण देत नाही. सांगू का यांना? आज संध्याकाळीच लावते, त्यांची कामाची पाळी संपली की.

आजोबा : नको. फोनवर मला त्याचे ओठ दिसत नाहीत. आधी मला नापास होऊ दे. उद्या किती वाजता?

आई : थांबा, विचारते. हॅलो, आरोग्य केंद्र? फेरतपासणीसाठी नाव लिहायचं होतं. हो, सासऱ्यांचं. नाही, नाही, निकाल चांगलाच लागलाय, त्याचीच हरकत आहे. होय हो, दोन्ही कान उत्तम लिहिलंय, तीच तक्रार आहे आमची! हसू नका. साडेदहा? येतो. एक विनंती होती, यावेळी काचेच्या खोलीत त्यांच्याबरोबर कोणालाही बसू देऊ नका. लहान मुलांना तर मुळीच नाही.

बिट्टी : पण मग बोट कोण टोचणार?

आजोबा : कोणी नाही. तू बाहेर बाकावर बसायचंस.

बिट्टी : तुम्ही सगळंच चुकाल!

आजोबा : चुकेन.

बिट्टी : एकपण बरोबर येणार नाही!

आजोबा : हुकूम आहे, बिट्टी. सूनबाई, तो निळा सदरा काढून ठेव. आणि यंत्र मिळायला किती दिवस लागतात ते विचारलंस का?

आई : महिना तरी लागतो म्हणे.

आजोबा : महिना. बरं. मी जरा आत पडतो.

आई : चहा नको? दादा, चहा... गेले. पाठ फिरली होती.

बिट्टी : मी जाऊन सांगू?

आई : नको. असू दे. पडू दे त्यांना थोडा वेळ.

बिट्टी : झोपलेत?

आई : नाही गं. भिंतीकडे तोंड करून पडलेत.

बिट्टी : आई.

आई : काय?

बिट्टी : बाबा तेव्हा माझ्याएवढे होते?

आई : तुझ्याएवढेच. सहा-सात वर्षांचे.

बिट्टी : मग ती पायरी सायकलपासून खूप लांब होती का, पाठीत बोट टोचायला?