जंतूच्या कमरेची नाडी

...आणि वर मलाच सांगतात, काळजी करू नकोस. अहो, अकरा महिन्यांची पोर तापाने फणफणतेय, लघवीत जंतू निघालेत, आणि डॉक्टर कसे म्हणाले, अगदी भाजीचा भाव सांगितल्यासारखे, "हे औषध दिवसातून तीनदा, सात दिवस, एकही वेळ चुकवायची नाही, आणि काळजी करू नका." काळजी करू नका म्हणे. काळजी काय चप्पल आहे, दाराबाहेर काढून ठेवायला?

तुम्ही म्हणाल, जंतू काय, सगळ्यांच्याच पोरांना होतात. होतात हो, पण सगळ्यांच्या आयांना ते दिसत नाहीत ना. मी जंतूंच्याच घरी कामाला आहे. म्हणजे ते जंतू वाढवून बघतात ना, त्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते, बशा, नळ्या, चंबू, दोन वर्षं झाली. शिक्षण माझं सातवी, पण तुम्हाला सांगते, एका जंतूचे दोन व्हायला किती वेळ लागतो ते मला तोंडपाठ आहे. वीस मिनिटं. खायला-प्यायला नीट मिळालं की वीस मिनिटांत एकाचे दोन, पुढच्या वीस मिनिटांत चार... पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवतेय आणि मनात बेरीज चाललीय, आठ, सोळा, बत्तीस, आणि सासूबाई म्हणतात, "काळजी करू नकोस गं, आमची चार पोरं अशीच मोठी झाली." अशीच म्हणजे कशी, ते काही सांगत नाहीत.

आणि तिथल्या मॅडम आणि सर रोज कशावरून भांडतात, माहितेय? जंतूच्या कमरेवरून. हसू नका. जंतू असतो औषधाच्या कॅप्सूलसारखा लांबट, आणि त्याच्या बरोबर मधोमध आतून धाग्यांचं एक कडं बसतं, ते लहान लहान होत जातं, कंबर आवळली जाते आणि झाले दोन. मी म्हटलं, म्हणजे पायजम्याची नाडी. मॅडम खूश, "अगदी तसंच." तर सर लगेच चष्मा वर करून, "अजिबात नाही. नाडी ओढायला हात लागतो. इथे हात कोणाचा?" सरांचं म्हणणं, ते धागे ओढतबिढत काही नाहीत, नुसते गोल फिरतात, आणि त्यांच्या मागून गवंडी चालतात, ते भिंत आत आत बांधत आणतात, सगळा जोर त्या भिंतीचा. फिरतात कसे, तर चिखलातून जाताना आपण विटा टाकतो ना, मागची उचलायची, पुढे ठेवायची, तसे. धागा असतो मण्यांचा, ते मणी मागून सुटतात, पुढे नवे लागतात. वीट एकही चालत नाही, रांग मात्र पुढे जाते. हे मला एका फटक्यात कळलं, कारण आमच्या गल्लीत चिखल भरपूर. "पण गवंड्यांना जागा कोण दाखवतं?" मॅडम. "दाखवेनात का, ओढत तर नाहीत ना?" सर. वर्षानुवर्षं हेच. मी मध्ये उभी, बशा विसळतेय.

तर औषधाचा तिसरा दिवस, ताप काही उतरेना, आणि मी कामावर. मॅडम म्हणाल्या, "ये, गंमत बघ, काल यांच्यावर औषध टाकलं होतं." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि... बघते तर काय. परवा मला तांदळाच्या दाण्याएवढे दाखवले होते ते जंतू, त्यांची गांडुळं झाली होती. लांबच लांब. मी विचारलं, "औषध कुठलं हे?" तर म्हणाल्या, "तुझ्या मुलीला चालू आहे ना, त्याच जातीचं," आणि फोन वाजला, गेल्या बाहेर. मला त्या गांडुळांपाशी सोडून.

मी घरी फोन लावला. "आई, दुपारचं औषध देऊ नका."

"का गं?"

"त्याने जंतू लांब होतात."

सासूबाई म्हणाल्या, "तू तिथे भांडी घासतेस की डोकं?" पण औषध दिलं नाही हो त्यांनी. लग्नाला तीन वर्षं झाली, माझं एक म्हणून ऐकलं नाही, ते नेमकं त्याच दिवशी ऐकायचं होतं?

मॅडम आल्या दोन तासांनी. मी नळ सोडून रडत होते. सगळं ऐकून आधी त्यांना हसू आलं, मग चेहराच उतरला. "आधी घरी फोन लाव. आत्ताच्या आत्ता औषध द्यायला सांग, मग बोलू."

"आई, द्या औषध."

"का, आखूड झाले वाटतं?"

मग मॅडमनी मला स्टुलावर बसवलं. "अगं, लांब झाले ते तगडे झाले म्हणून नाही. त्यांना तुटताच येत नाही. कडं जागेवर बसलंय, पण या औषधाने गवंड्यांचे हात बांधलेत. भिंत आत येत नाही. जंतू वाढत राहतो, दोन काही होत नाही, आणि शेवटी फुटतो."

"म्हणजे वीस मिनिटांची बेरीज..."

"थांबली."

तुम्हाला सांगते, इतका सुंदर शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. तेवढ्यात मागून सर, "बघा, हात बांधले की काम बंद, म्हणजे जोर गवंड्यांचाच." मॅडम गर्रकन वळल्या, "आणि गवंडी तिथे आले कोणाच्या मागे?" माझा जीव टांगणीला, आणि हे दोघं पुन्हा कमरेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या अंगाला हात लावला, तर गार. घामाने भिजलेली, आणि औषधाचा चमचा माझ्या हातातून ओढतेय. तिला कोणी विचारेना, जोर कुठून आला म्हणून. सात दिवस पुरे केले, ती एक दुपार सोडली तर घड्याळ लावून. परवा पुन्हा तपासलं, जंतू नाहीत.

मग मी मॅडमना विचारलं, एकाचे दोन झाले की त्यातली आई कुठली आणि लेक कुठली? म्हणाल्या, "दोन्ही लेकी. आई उरतच नाही." तेव्हा मला उमगलं, त्यांचं इतकं सुरळीत का चालतं ते. काळजी करायला मागे कोणी राहतच नाही. मी आपली उरलेय, अख्खीच्या अख्खी... आणि पोर आता धरून धरून उभी राहायला लागलीय, आणि आमच्या घरात एकूण एक सामानाला कोपरे आहेत.