तीनाच्या दोरीवर खापर

सून: काय सांगितलंत तुम्ही डॉक्टरीणबाईंना? शब्द न् शब्द ऐकायचाय मला, वन्सं.

नणंद: जे पाहिलं तेच सांगितलं, वहिनी. काल इथेच वर, आईच्या खोलीत चहा पीत बसले होते. गॅलरीत धाडकन आवाज झाला. दारातून बघते तर तू दोरीचं केलेलं शिंकाळं तुटलेलं आणि माती न् कुंडीचे तुकडे सगळीकडे. आज दवाखाना उघडल्या उघडल्या बाईंना म्हटलं, वहिनीला दिलेलं काम जरा थांबवा.

सून: जरा थांबवा! त्यांचा निरोप काय आला माहितीये? ‘राहू द्या आता, आम्ही दुसरीकडे बघतो.’ वेटिंग रूममधली सगळी शिंकाळी, खिडकीचा तो मोठा दोरीच्या गाठींचा पडदा, सगळं गेलं. अहो, माझं पहिलं बाहेरचं काम होतं ते! आजवर घरच्याच लोकांना वाढदिवसाला देत आले. ‘छान आहे गं’ म्हणायचं आणि कपाटात कोंबायचं. पहिल्यांदा एका परक्या माणसानं विचारलं होतं, तुम्ही कराल का आमच्यासाठी?

नणंद: आणि ते काम आणलं कुणी? मीच ना? तिथं काउंटरवर मी बसते. समोर बाकांवर पेशंट असतात, त्यांच्या मांडीवर पोरं असतात. उद्या कुणाच्या डोक्यात पडली कुंडी, तर माझं नाव, तुझं नाव...

सून: नसती पडली!

नणंद: काल पडली की.

सून: काल कुंडी फुटली गॅलरीत आणि खापर माझ्या डोक्यावर! मी तेव्हा कुठे होते? त्यांच्याच कामाची दोरी आणायला गेले होते. एक फोन करून विचारायचं होतंत, वहिनी, हे कसं काय झालं? पण छे! शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं.

नणंद: बोका कोण? मी?

सून: ज्याचं फावलं तो.

सासू: अगं, पुरे करा दोघी. एका कुंडीचं काय घेऊन बसलात. वस्तू आहे, तुटायचीच.

सून: आई, ‘तुटायचीच’ म्हणू नका! माझी वस्तू तुटत नाही. काल तुम्ही एवढंच म्हणालात, ‘कुंडी निसटली,’ आणि मला वाटलं, माझीच गाठ चुकली. घरातलं एकूण एक शिंकाळं उतरवून तपासलं मी. डोळ्याला डोळा नाही लागला. आज सकाळी केरात ही तुटकी दोरी सापडली, तेव्हा कळलं. गाठी जशाच्या तशा आहेत. वन्सं, इकडे या. ही गाठ ओढून बघा.

नणंद: ओढली. पक्की आहे. पण दोरी तर तुटलीय ना?

सून: कशानं तुटली ते विचारा. ही तीनाची दोरी आहे, तीन मिलिमीटरची. प्लास्टिकच्या कुंडीला तीच शोभते. तिथं पाचाची घातली तर चिमणीच्या पायात बूट घातल्यासारखं दिसेल. मातीची कुंडी असती तर मी पाचाची घेतली असती. त्याहून जड काही असतं तर सहाची, आठाची, आणि पदरही वाढवले असते. तुमच्या दवाखान्याला सहाचीच आणली होती मी, कालच! दोरी डोळ्यांनी नाही निवडत, वजनानं निवडतात. म्हणून मी आईंना तीनतीनदा विचारलं, आई, यात काय ठेवणार? आई, तुम्ही काय म्हणालात?

सासू: म्हणाले असेन काहीतरी.

सून: ‘काही नाही गं, हलकंच आहे. प्लास्टिकची कुंडी.’

सासू: मग असेल.

सून: वन्सं, टेबलाखाली गोणपाटात ते तुकडे आहेत. एक उचला.

नणंद: हे... बाप रे! हे सिमेंट आहे. आई, ही बाबांची कोरफडीची कुंडी?

सून: तीच. ती खरखरीत कड बघा. वाऱ्यानं हलली असणार, दोरी घासत राहिली. एक पदर गेला, कुंडी कलली, आणि सगळा भार बाकीच्यांवर. माझी दोरी एवढी तग धरून राहिली हेच नशीब!

नणंद: पण एवढं धूड वर टांगलं कुणी? आईला तर ते हलायचंसुद्धा नाही.

सून: आता पेटली माझी ट्यूब. त्या दिवशी सिलिंडरवाला वर कशाला आला होता, आई? सिलिंडर तर खाली असतो.

सासू: पाणी मागितलं बिचाऱ्यानं.

सून: खाली माठ सोडून कुणी पाणी प्यायला जिना चढत नाही.

नणंद: आई! त्याच्याकडून टांगून घेतलीस? आणि काल माझ्यासमोर ‘अगंबाई, दोरी कच्ची निघाली वाटतं’ म्हणालीस?

सून: असं म्हणाल्या? कच्ची? माझी दोरी कच्ची?

सासू: हो, म्हणाले! आणि हो, टांगली! माझी कुंडी, माझी गॅलरी, मी हवी तिथं टांगेन. दोघी मिळून माझी उलटतपासणी काय घेताय? मी काय चोरी केली?

सून: खोटं तुम्ही बोललात, तुटली दोरी आणि बदनाम झाले मी. याला काय म्हणायचं?

सासू: मला काय माहीत, दोरीला एवढं कळतं!

सून: दोरीला नाही कळत, आई. करणाऱ्याला सांगावं लागतं! ‘सिमेंटची कुंडी आहे, जाड दोरी घे,’ एवढं म्हणायला काय झालं होतं? मी नाही म्हटलं असतं? आजवर कशाला नाही म्हटलंय मी तुम्हाला?

सासू: नाही म्हटलं नसतंस. ‘का’ म्हटलं असतंस.

नणंद: म्हणजे?

सासू: म्हणजे जमिनीवर चांगली ठेवलेली कुंडी, ती वर टांगायचं खूळ कुठून आलं, असं विचारलं असतंत. मग काय सांगू? खाली असली की पाणी घालायला वाकावं लागतं.



नणंद: तुला वाकता येत नाही?

सासू: वाकता येतं. उठता येत नाही. मागे एकदा पाणी घालायला बसले ती बसलेच. कठड्याला धरून कशीबशी उभी राहिले.

सून: आणि हाक नाही मारलीत? मी खालीच असते ना दिवसभर!

सासू: हाक मारली असती म्हणजे झालं. गुडघे म्हटलं की ही मला उचलून दवाखान्यात नेणार, आणि तुम्ही माझी गादी खालच्या खोलीत टाकणार. त्या खोलीची खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत. दिवसभर भिंत बघत बसू? इथं मला रस्ता दिसतो, येणारं-जाणारं दिसतं, त्यांनी लावलेली कोरफड दिसते.

सून: म्हणून माझं काम बुडालं तरी चालेल?

सासू: काम बुडेल हे कुठं ठाऊक होतं मला! कुंडी पडली, घाबरले, तोंडाला आलं ते बोलून गेले. ही आज सकाळी थेट बाईंच्या कानाला लागेल, असं वाटलं तरी होतं का?

नणंद: म्हणजे फिरून माझ्यावरच! बरं बाई, चुकलं माझं. वहिनी, मी आत्ता फोन करते बाईंना.

सून: तुमचा फोन नको. ‘नणंद भावजयीला सांभाळून घेतेय,’ म्हणतील.

सासू: तिचा नको. मला लावून दे.

नणंद: काय सांगशील?

सासू: लाव म्हटलं ना! ... हॅलो, डॉक्टरीणबाई? मी तुमच्या काउंटरवरच्या मुलीची आई. ते शिंकाळ्याचं सांगायचं होतं. ... नाही, तसं नाही. सुनेची काही चूक नाही त्यात. मी तिला प्लास्टिकची कुंडी सांगितली आणि सिमेंटची टांगली. ... हो, मुद्दाम. ... तिनं विचारलं होतं हो, मीच खोटं बोलले. दोरी निवडणं तिचं काम, वजन सांगणं माझं होतं. ... थांबा, समोरच आहे. सूनबाई, त्या म्हणतायत, कर तू काम. पण दोरी किती जाड घेणार?

सून: त्यांना म्हणावं, कुंडीत माती भरा, वर पाणी घाला आणि मग वजन करा. तो आकडा सांगा, मग मी दोरी सांगेन. आणलेली सहाची कमी पडली तर बदलून आणेन. यापुढे कुणाच्या नुसत्या शब्दावर मी गाठ मारणार नाही!

सासू: ऐकलंत ना? ... हो, तिखट आहे जरा. ... काय? ... मी का टांगली?

नणंद: आई, राहू दे. मी सांगते त्यांना काहीतरी.

सासू: तू गप्प बस. ... गुडघ्यांमुळं, डॉक्टरीणबाई. खाली बसलं की उठता येत नाही. ... झाले बरेच महिने. ... नाही, घरात ठाऊक नव्हतं. आत्ताच कळलं त्यांना. ... उद्या? ... बरं. येते. ... ठेवते.

नणंद: मी उद्या दहाचा नंबर लावते.

सासू: लाव. आणि परत आले की हलवा माझी गादी खाली.

सून: कुणी म्हटलं हलवा? कोरफडीला दुसरी कुंडी आणू, आठाची दोरी घेते, कठड्याच्या उंचीला टांगते. उभ्यानं हात पोचला पाहिजे तुमचा.

सासू: म्हणजे मी इथंच?

सून: मग? रोज पाणी घालायला मी येऊ वर?