आधी मिस्सा, मग बाटली

...आणि वर मलाच विचारतात, 'तोंड का पाडलंस?' अहो, पाडू नको तर काय करू? माझ्या आईची बाटली होती ती! तुम्हाला सांगते, या घरात आईला वाइन करायला मिळाली ती आयुष्यात एकदाच, आजोबा शिडीवरून पडून पाय मोडून बसले त्या वर्षी. मी पोटात होते, आणि ती तसलं पोट घेऊन द्राक्षांच्या हौदापाशी उभी, आणि आजोबा पलंगावरून बोंबलतायत, 'बिघडवशील गं सूनबाई, बिघडवशील!' नाही बिघडवली. मग मी लहान असतानाच ती गेली, आणि तिच्या हातची शेवटची बाटली तळघरात आडवी पडून राहिली, माझ्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी. मला तिचा आवाजही आठवत नाही हो. म्हटलं, निदान तिची चव तरी कळेल...

पण आमच्याकडे नियम! वाइन मिस्सेला जाण्याआधी बाटलीतून काचेच्या चंबूत ओतायची, आणि चर्चमधून आल्यावर प्यायची. का? तर आमची वाइन कोवळी असताना इतकी तुरट की तासन्‌तास वारा दिला नाही तर जीभ सोलून निघते. बरं, कोवळीला द्या की वारा! पण एवढी जुनी वाइन म्हणजे धाप लागलेलं माणूस. बूच निघालं की घटकाभर बोलते आणि संपते. अन्सेल्म काकाला, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, मी हात जोडून सांगितलं, 'काका, जेवायला बसल्यावर उघडू.' तर म्हणतो कसा, 'ऐका! बोर्दोचं वाइनचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलेल्या मायलीसबाई आता आम्हाला वाइन शिकवणार!' बाबा? गप्प. गप्प बसायची परीक्षा असती ना, तर बाबा पहिले आले असते.

मग काय, मेणबत्ती लावली, गाळ दिसावा म्हणून बाटलीची मान ज्योतीवर धरली, आणि काका असा हळूहळू ओततोय जणू बिशपच! आणि तेवढ्यात वास आला... ओल्या मातीचा, चुरगळलेल्या जांभळ्या फुलांचा... मी पेलाच पुढे केला. 'काका, थेंबभर दे ना.' 'मिस्सेच्या आधी? ठेव तो पेला खाली!' अहो, माझ्या आईची बाटली होती ती!

चर्चमध्ये फादरांचं प्रवचन कशावर? संयमावर! संपता संपेना. बाहेर आलो तर आजोबा पायरीवर भेटेल त्याला गुडघा दाखवतायत, आणि काका लोखंडी गोळ्यांच्या खेळात घुसलेला, 'एकच डाव गं!' एकाचे किती झाले, विचारू नका.

घरी आलो, मी केलेलं लसणाचं सूप सगळ्यांनी ओरपलं, आणि मग पेले भरले. वयाच्या क्रमाने, हो! आजोबा, काका, काकू, बाबा, आणि चंबूच्या बुडाशी उरलेलं मला. घोट घेतला. काही नाही. आंबूस पाणी, गंजक्या किल्लीसारखं. आणि हे! काका डोळे मिटून, 'अहाहा, जुनं चामडं!' काकू लगेच, 'अळंबी, अळंबी!' काका, 'पानगळीतलं जंगल!' मी म्हटलं, 'मेलीये ती. तुम्ही मारलीत.'

'तुला काय कळतंय?' काका. बाबांनी पेला एका दमात रिकामा केला आणि ताटात बघत बसले. माझ्या आईची बाटली होती ती, त्यांच्या बायकोची नव्हती का हो?

आणि आजोबांनी काय करावं? आमच्या भागात म्हातारे साध्या वाइनचं करतात तेच. आख्खा पेला सुपाच्या वाडग्यात उलटा केला, उरलेल्या सुपात गरगर फिरवला, वाडगं तोंडाला लावलं आणि फुर्रर्र! काका किंचाळला, 'अहो, ही वाइन? सुपात?' आजोबांनी मिशी पुसली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'सूप चांगलं झालंय गं.'

मग मीही माझा पेला वाडग्यात ओतला. दुसरं काय करणार? एवढ्या जणांत खरं बोलला तो हा म्हातारा एकटाच... आणि तेही सुपाबद्दल!