अकरावा शनिवार आणि नऊ बेटं

आणि वर मलाच विचारतात, "अगं, मग तू आधीच का नाही बोललीस?" ऐकलंत? मी! का नाही बोलले! अहो, शनिवार होता ना! अकरावा शनिवार! सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि यांनी नेमका तोच दिवस शोधला मला होडीत घालून समुद्रात न्यायला, तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत... आता बाईला संशय येणार की नाही येणार?

थांबा, नीट सांगते. आमचे हे, जयप्रकाश, इथे मस्कतमध्ये, बौशरला, एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला आहेत, बारा वर्षं झाली. ऑक्टोबरात कंपनीत कुजबुज सुरू झाली, की जानेवारीत ज्यांचे करार संपतायत त्यातले निम्मे घरी. आमचा करार कधी संपतो? जानेवारीत! माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. सई नववीत, ऐन दहावीच्या तोंडावर तिची शाळा बदलायची? आणि जायचं कुठे, तर ठाण्याच्या त्या दोन खोल्यांत, जिथे सासूबाई, दीर, जाऊ आणि जावेचा शिवणक्लास आधीच नांदतोय? यांची साडेसाती, हे माझ्या आईने पत्रिका बघून कधीच सांगितलेलं. म्हणून मस्कतच्या देवळात मारुतीरायासमोर उभी राहिले आणि म्हटलं, देवा, यांची नोकरी राहू दे, मी अकरा शनिवार मौन पाळीन. तेल-शेंदूर कुणीही वाहतं हो, पण मी आणि मौन! देवालासुद्धा वाटलं असेल, ही बाई खरंच अडचणीत आहे.

लिहून दाखवायचीही सोय नाही बरं का. आई म्हणाली, "लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच की!" झालं. खुणा तेवढ्या चालतात.

आणि घरात कुणी हरकत घेतली नाही. एरवी संकष्टीला वरईचा भात केला तरी यांचा चेहरा उतरतो, आणि मौनाला म्हणतात, "श्रद्धेचा प्रश्न आहे, कर तू." संशय तिथेच यायला हवा होता. पण मी भोळी, मला वाटलं माणूस सुधारला.

तर गुरुवारी रात्री हे म्हणतात, "नयना, शनिवारी दिमानियतला जाऊ. नऊ बेटं आहेत, चुनखडीची, बरक्याहून तासभर बोटीने. युनुसने सगळं ठरवलंय." आता हा माणूस बारा वर्षांत आम्हाला कुठे घेऊन गेलाय? मॉलमध्ये. तिथूनही लवकर परत, कारण पार्किंग. आणि हा आपण होऊन बेटं म्हणतो? तुम्हाला सांगते, मस्कतमधली कुठलीही बाई हे ओळखते. इथे बारा-बारा वर्षं लोक किनाऱ्यावर राहून समुद्राकडे पाठ करून जगतात, आणि मग एक दिवस कुणी अचानक किल्ले बघायला लागलं, वाळवंटात तंबू टाकायला लागलं, की समजावं, व्हिसा संपला! आमच्या वरच्या मजल्यावरची मधु... तिच्या नवऱ्याने एका महिन्यात तिला सलाला, सूर, निझवा सगळं दाखवलं, पोरगी हरखून गेली, आणि पुढच्या महिन्यात सोफ्याचा फोटो ग्रुपवर, 'अर्जंट विकणे आहे'. मला तो सोफाच दिसायला लागला डोळ्यांसमोर.

आणि शुक्रवारी बघते तर कपाटावरच्या बॅगा खाली! मोठ्या दोन्ही! पुसून ठेवलेल्या! म्हटलं, "ह्या कशाला?" तर म्हणे, "धूळ बसली होती." धूळ! यांना धूळ दिसली! आता येणार की नाही संशय?

खोदून विचारणार होते हो शुक्रवारीच, पण जीभ रेटेना. वाटलं, उद्याचा एक शनिवार राहिलाय, तो पुरा होऊ दे, मारुतीराया काय ते बघेल. आशा सुटत नाही बघा माणसाची.

शनिवारी सकाळी बरक्याला पोचलो. युनुसभाई राजिवड्याचे, रत्नागिरीचे, बरक्यात त्यांचं किराणा दुकान, आणि त्यांची बायको जोहरा म्हणजे माझी इथली बहीणच. दोन महिने माहेरी राहून ती गेल्याच आठवड्यात परतली होती. तिला माझं व्रत माहीत. लांबूनच ओरडली, "वैनी, बोलू नुको हां! मी हाय ना, तुमच्या वाटचा मी बोलतंय!" आणि खरंच दिवसभर माझ्या वाटचं ती बोलली, त्यात तिचं स्वतःचंही होतंच.

बोटीचा कप्तान सालेम, गोड माणूस, पण बोट अशी हाकली की माझी आतडी बरक्यालाच राहिली. मी घाबरून दांडा धरलेला, आणि तोंडाने नुसतं... काहीच नाही! किंचाळणं हे बोलणं धरायचं की नाही, हे आईला विचारायचं राहून गेलं होतं. सालेम वळून यांना विचारतो, "मदाम गुस्सा?" हे म्हणतात, "नो नो, मदाम प्रार्थना." तो खूश. "माशाल्ला!" म्हणाला आणि वेग आणखी वाढवला.

आणि मग ती बेटं आली... काय सांगू! पांढरट पिवळे कडे, खालून लाटांनी कुरतडलेले, जणू कुणी खाली बसून वाटीने खरवडून खाल्लेत. पाणी असं की तळाचा खडा मोजावा. आणि तेवढ्यात माझ्या बाजूला, अगदी हाताच्या अंतरावर, कासव! परातीएवढं! मान वर काढून माझ्याकडे बघतंय! साक्षात कूर्मावतार हो, माझ्या अकराव्या शनिवारी दर्शनाला आलेला, आणि बाकी सगळी मंडळी दुसऱ्या बाजूला फोटो काढण्यात! मी बोटीची कड बडवली. मान आत-बाहेर करून दाखवली. दोन्ही हात उपडे ठेवून पाठीचा घुमट दाखवला. हे वळले, निरखून बघितलं आणि म्हणाले, "सई, आईला उलटीची गोळी दे." कासव गेलं. मी एकटीने नमस्कार केला.

दिवसभर हेच! सई तर म्हणते, "बाबा, आई सायलेंट मोडवर किती क्यूट दिसते ना?" आणि हे हसतात! ज्याची नोकरी जाते तो असा हसतो का? हसतो! मधुचा नवराही हसायचा! आणि फोटो तर किती काढले माझे, इथे उभी राहा, तिथे बस, आणि मग हळूच काय म्हणाले माहितेय? "डोळ्यांत भरून घे हे सगळं, नयना." डोळ्यांत भरून! जिथे पुन्हा यायचं असतं तिथे कुणी डोळ्यांत भरून घेतं का?

दुपारी जोहराने सांदणं काढली, माझा शनिवारचा उपास म्हणून माझ्यासाठी संध्याकाळची वेगळी बांधून ठेवली, आणि बोटीच्या टोकाला युनुसभाई यांना विचारतायत, मी ऐकलं, स्पष्ट ऐकलं, "वैनीला सांगितलंव काय?" आणि हे, "छे, व्रत सुटल्यावर सांगू. आत्ता सांगितलं तर तिला बोलताही यायचं नाही." म्हणजे असं काहीतरी आहे, जे ऐकून बाईला बोलायलाच लागेल! मी यांच्याकडे बघते, तर हे कासव शोधतायत. आता! आता शोधतायत!

म्हणून मी जोहराच्या मनगटाला धरून आकाशाकडे बोट दाखवलं, सूर्य, मग तोंडाकडे, म्हणजे कधी गं कधी? ती लगेच समजली. एरवी मी घरी मगरिबची अजान ऐकून मौन सोडते. खिडकीसमोरच मशीद आहे, मुअज्जिनची हाक आली की सूर्य बुडाला, पंचांग कशाला उघडायचं? दहा शनिवार त्या हाकेवरच सोडले. पण समुद्रात हाक कुठली यायला! जोहरा म्हणाली, "तुमी काळजी करू नुको वैनी, माझ्या मोबाईलवर अजान हाय, तेवढी मगरिबची चालू करून ठेवतंय. ती झाली की खुशाल बोला." प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोबाईल गळ्यात अडकवला तिने. मला केवढा आधार वाटला!

मग शेवटची फेरी. सालेमने बोटीवरून उतरवलेल्या त्या अरुंद होड्या, कनू की काय म्हणतात, होडी कसली, होडीचं पिल्लू! एकीत जोहरा, युनुसभाई आणि सई, दुसरीत पुढे मी, मागे हे. वल्हं मी मारते तसं हे उलटं मारतात, आम्ही जागच्या जागी प्रदक्षिणा घालतोय. तिकडून युनुसभाई, "जयप्रकाशभाव, एका बाजूला मारा!" लग्नाला अठरा वर्षं झाली, एका बाजूला कधी मारलंय आम्ही? कसेबसे एका कड्याच्या पोटाखाली शिरलो. वर चुनखडीचं छत, गार सावली, पाणी काळंनिळं, सूर्याचा पत्ता नाही. आणि मागून यांचा आवाज, एकदम मऊ, "नयना... तुला एक सांगायचंय."

आणि त्याच क्षणी, तुम्हाला सांगते, जोहराच्या गळ्यातून अजान सुरू झाली!

मग मी कशाला थांबतेय? "तुमची नोकरी गेली ना?" म्हटलं, आणि तो कडा मेला माझ्यावरच ओरडला, "गेली ना... गेली ना..." "बॅगा कशाला काढल्या? धूळ म्हणे! डोळ्यांत भरून घे म्हणे! मी काय मधु आहे? पोरीची दहावी, ठाण्याला झोपायचं कुठे, शिवणयंत्राखाली? युनुसभाईंना माहीत, जोहराला माहीत, त्या सालेमलासुद्धा माहीत असेल, आणि मी इथे देवाजवळ तोंड शिवून बसलेय! आणि कासव होतं हो ते! उलटी नव्हती!" दिवसभराचं सगळं एका श्वासात! सावलीत कबुतरं होती ती उडाली.

यांचं वल्हं तसंच हातात. आणि होडी आपली आपण, माझ्या बोलण्याच्या जोरावरच असेल, सरकत सरकत कड्याबाहेर आली...

आणि समोर सूर्य! ढळढळीत! चांगला दीड-दोन हात वर! पाच वाजायचे होते हो अजून!

मी तोंडावर हात धरला. काय उपयोग? जोहराने पिशवीतला मोबाईल डोळ्यांशी नेला आणि कपाळ बडवून घेतलं. "या अल्ला! वैनी, ह्यो तर रत्नागिरीचा मगरिब! मायेराशी होतंय तवा लावलेला, बदलायचाच रवला!" तिचं बरोबर आहे, तिच्याही घरामागे मशीद असताना मोबाईलची अजान बघतो कोण? तिच्या माहेरी सूर्य मावळला होता. फक्त मी जिथे होते तिथे नव्हता मावळला. सई म्हणते, "आई, टेन पॉइंट नाईन शनिवार झाले तुझे. स्ट्रीक तुटली."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा. नोकरीवरची शेवटची आशा ती, आणि तासाभरासाठी माझ्याच तोंडाने घालवली! जोहरा तर माझ्याहून जास्त रडायला लागली, होड्या हलायला लागल्या, सालेम लांबून, "माफी मुश्किल, माफी मुश्किल!" म्हणजे त्यांच्या अरबीत, काही हरकत नाही!

तेव्हा कुठे हे बोलले. "अगं, नोकरी आहे. करार झाला. दोन वर्षांचा. सही झाली."

"कधी?"

यांनी वल्हं पाण्यात घातलं.

"कधी झाली, मी विचारतेय."

"तुझा आठवा शनिवार झाला ना... त्यानंतरच्या सोमवारी."

तीन आठवडे! तीन आठवडे या माणसाने पत्र ऑफिसच्या खणात ठेवलं, आणि मी रोज दिव्याला हात जोडतेय, देवा सांभाळ! बॅगा सुट्टीवर जायच्या, तिकिटं काढलीत म्हणे, बेटं म्हणे व्रत पुरं झाल्याचं बक्षीस! म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" तर काय उत्तर द्यावं? "मध्येच कळलं असतं तर तुझं व्रत अर्धवट राहिलं असतं." माझं व्रत! मी सोडलं असतं? फळ मिळालं म्हणून झाडाला पाणी घालायचं थांबवणारी बाई मी? आणि तिकडच्या होडीतून सईने, देव तिला सुखी ठेवो, खोटं बोलताच येत नाही तिला, मराठीतही आणि इंग्रजीतही, हळूच सांगितलं, "आई, बाबा म्हणाले, अजून तीन शनिवार आहेत, एन्जॉय करू."

एन्जॉय! बायांनो, दर शनिवारी हा माणूस दुपारी दोन ते पाच आडवा! मला वाटायचं, बिचारा चिंतेने थकतो!

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. आता बोलायला मोकळी होते, तरी. हे सगळ्यांत जास्त घाबरले ते तेव्हाच.

घरी आल्यावर आईला फोन लावला. आई म्हणाली, "नोकरी राहिली ना? देवाने ऐकलं. पण बोललेलं फेडायला हवं बाई. खंड पडला, आता पुन्हा पहिल्यापासून अकरा." मी म्हटलं, आई, चूक माझी नव्हती, तास रत्नागिरीचा होता, देवाला कळणार नाही का? आईसुद्धा जरा विरघळली, म्हणाली, "बघ बाई, तुझा भाव महत्त्वाचा, एक शनिवार केलास तरी चालेल."

आणि शेजारी कोण बसलंय? हे! ज्या माणसाने देवळात कधी घंटा वाजवली नाही, चप्पल सांभाळायला बाहेर उभा राहतो, तो माझ्या हातातून फोन घेऊन म्हणतो, "नाही नाही आई, एकाने कसं चालेल? देवाशी तडजोड नको. अकरा म्हणजे अकरा! आणि करार दोन वर्षांचा आहे, तर मी म्हणतो, बावीसच करू दे तिला."

काय करता? देवाचं देणं आहे, ठेवून चालत नाही. आज शुक्रवार, म्हणून एवढं एका दमात सांगून घेतलं. उद्या पहिला.