मागच्या बाकावरची तपासणी

या मंडळी, कीर्तनाला अजून वेळ आहे, जवळ सरका. चाकणच्या बसथांब्यावर कानी पडलेली गोष्ट सांगतो. कंपनीत माल तपासणारा समाधान लेक मैत्रीला पिंपळे सौदागरच्या मोठ्या शाळेत घालायचं म्हणून दाखला काढायला गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत गेला होता. परतताना शेजारच्या कस्तुराकाकूंनी त्याला त्या थांब्यावर गाठलं.

"काढलीस व्हय मैत्रीला?"

"आधी शाळा तपासली, काकू. वर्गाच्या मिनल मॅडमना म्हटलं, तपासायला पहिला नंबर नको, मागच्या बाकावरची ती पोरगी द्या."

"बरकत मेकॅनिकची कशफ? तिच्या घरात मराठीचा शबुद न्हाई!"

"तिलाच भागाकाराचं गणित घातलं."

"आलं?"

"चुकलं."

"मग झालं की रं!"

"ऐका तर. मॅडम मधे पडल्या नाहीत. पोरीनं आपणच ताळा केला, चुकीला गोल केला आणि म्हणाली, काका, इथं चुकले, परत करते."

"माझी बाय गं!"

"आमच्या लाइनवर बारा-बारा वर्षं मुरलेले गडी खराब माल खोक्याच्या तळाशी दडपतात, काकू."

"आन् दाखला?"

"मॅडमनी विचारलं, काय काम काढलंत? म्हटलं, पालकसभा कधी आहे, तेवढं सांगा."

मंडळी, आज कीर्तनात टाळी वाजवाल, तेव्हा चूक न दडपता दाखवायला शिकवणाऱ्या त्या मिनल मॅडमची आठवण असू द्या.