घरभर टांगलेलीं नांवं

आमचं मूळ गांव कुठलं म्हणून विचारलांत तर काय सांगू तुम्हांस, तंजावूरच्या मराठी राजांच्या वेळीं कोणी घोड्यावरनं आला, इथंच राहिला, त्याचा वंश आम्ही. घरांत हें असं मराठी, बाहेर सगळं तमिळ, तुम्ही तिकडनं आलांत, हसूं नका. मी बसचा कंडक्टर होतों. तंजावूर ते तिरुवैयारु, परत तंजावूर, जन्म त्याच रस्त्यावर गेला. तेव्हां घरोघरीं फोन कुठला, लोक निरोप माझ्याजवळ द्यायचे, अण्णा, माझ्या बहिणीस सांग बाळ जालं म्हणून, अण्णा, येतांना खोकल्याचं औषध आण. त्या गर्दींत लिहून कोण घेतो? मी एकेक काम एकेका स्टॉपवर टांगायचों. करंदैला झाडास औषधाची बाटली लोंबते आहे, कंडियूरला रस्त्याच्या मधोमध बाळ रडतं आहे, असं डोळ्यांपुढं आणायचं आणि तोंडानं मोठ्यानं म्हणायचं, मोठ्यानं म्हटलं कीं राहतं. बस तिथं पोचली कीं आठवायचंच. त्यांत हुशारी कसली, पोटासाठीं शिकलों.

मी रिटायर जालों आणि आमच्या घरांतलीचं सुरू जालं. अंबूबाई तिचं नांव. दूध ठेवायची, विसरायची. सांबारांत मीठ टाकायची, परत टाकायची, आम्ही हसायचों, ती पण हसायची. मग एकदां आमची मुलगी ललिता पापनाशमहून आली, तिज कॉफी दिली, आणि आंत येऊन मज हळूच विचारली, अहो, हिचं नांव काय हो? डॉक्टरास दाखवलों. तो म्हटला, वय जालं, फार कांहीं करतां येणार नाहीं, वस्तू एका जागीं ठेवा, रोज रोज म्हणवून घ्या. बस, एवढंच. मज दुसरी भीती नव्हती, स्वैपाक मी करीन, कपडे मी धुवीन, आपल्या माणसांस ती परकी होऊं नये, तेवढंच.

म्हणून माझी विद्या तिज शिकवायला बसलों. करंदैला ललिता उभी आहे म्हण, तर भडकली, तुमच्या बसमध्यें मज ओकारी येते, तिथं माझी मुलगी कशाला उभी राहील? खरंच कीं. तिचा रस्ता घरांतला. मग घरांतच टांगलों. दारापुढं कोलम, म्हणजे रांगोळी, घालते तिथं आमचा मोहन, मुलगा, विहिरीपाशीं ललिता, आंत आटुकल, तें इडलीचं पीठ वाटायचं दगडी उखळ, त्याच्यावर नात मीना चढून बसली आहे, आणि चुलीजवळ दूध उतरव. रोज सकाळीं मी मागं, ती पुढं, हात लावायची आणि म्हणायची, मोहन, ललिता, मीना, दूध उतरव. आणि चाललं हो! कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरनं मोहनास स्वतः नांव घेऊन बोलली, त्या दिवशीं मी देवळांत नारळ फोडलों.

मोहनास मद्रासेंत बाहेरदेशच्या कंपनींत नोकरी लागली होती. पोंगलला आला, म्हटला, अम्मा अजून दगडावर वाटते, बघवत नाहीं. मी सांगितलों, बाबा, त्या दगडावर तुझी मुलगी बसली आहे, तूं दारांत उभा आहेस. तो हसला, अप्पा, मी इथंच आहें कीं. प्रेमानंच केला सगळं. आम्हांस ललिताकडं पाठवला, आलों तर दारापुढं सिमेंट, विहिरीवर झांकण, चूल गेली, कडप्पा आला, आटुकलच्या जागीं विजेच्या करंटवरचं ग्राइंडर. अंबू आंत गेली, वांकली, हवेंतच हात फिरवत राहिली. मी धांवत जाऊन मोडतोड नेणाऱ्या गाडीवाल्याकडनं दगड परत आणलों, मागल्या अंगणांत ठेवलों. ती त्यावर बसून पाय धुतली. पुढल्या खेपेस मोहन आला तर, या, बसा, कॉफी घेतां कां, म्हणून विचारली. तो नळाशीं जाऊन तोंड धूत राहिला, किती वेळ धूत राहिला.

आतां शिकवीत नाहीं. तिज भात कालवून देतों, वेणी घालतों. गेल्या आठवड्यांत घांस देतांना ती माझ्याकडं बघून विचारली, तुम्ही फार करतां हो, तुमचं नांव काय? आमच्यांत बायको नवऱ्याचं नांव घेत नाहीं, तुम्हांस ठाऊक असेल. लग्नापासनं मज ती अहो म्हणायची, दुसऱ्यांजवळ बोलतांना मोहनाचे अप्पा. मी सांगितलों, खंडेराव. ती म्हटली, खंडेराव. खंडेराव, खंडेराव. मोठ्यानं म्हटलं कीं राहतं, म्हणून मजच समजावून सांगितली. सगळ्या जन्मांत तिच्या तोंडून माझं नांव पहिल्यांदा ऐकलों. दुसऱ्या दिवशीं परत विचारली. मी परत सांगितलों. जोंवर विचारते आहे तोंवर सांगेन, देव मज तेवढं आयुष्य देऊं दे.